चूल आणि वर्षाचे सण

(ज्युबिली-सप्ताहांत धर्मग्रामांतील कुटुंबांपुढें केलेलें भाषण)



या सप्ताहांत आपल्या देवळाविषयीं पुष्कळ ऐकावयास मिळालें. पाया कोणीं घातला, घंटा कशी चढविली, भिंत खचली तेव्हां कोणकोणत्या आळींतून माणसें धांवलीं, हें सर्व आपण ऐकिलें व कृतज्ञ झालों. आज आम्हांस ज्या जागेविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत, तिची कोनशिला कोठेंही बसविलेली नाहीं. ती जागा म्हणजे तुमच्या घरची चूल. चुली आतां राहिल्या नाहींत, गॅसच्या शेगड्या आल्या, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु शब्द जुनाच असूं द्यावा.

निर्गमाच्या पुस्तकाचा बारावा अध्याय आपणांपैकीं पुष्कळांनीं वाचिला असेल. मिसर देश सोडण्याच्या रात्रीं इस्राएल लोकांनीं काय खावें, कसें खावें, हें देवानें ठरवून दिलें: भाजलेलें कोंकरूं, बेखमीर भाकर, कडू भाजी. दर वर्षीं तेंच भोजन करावयाचें. आणि याचा अर्थ काय, असें मुलांनीं विचारिलें म्हणजे वडील माणसांनीं सुटकेची कथा सांगावयाची. धर्मशिक्षणाचा हा किती जुना वर्ग पाहा! यांत फळा नाहीं, पुस्तक नाहीं. ताटांत रोजच्याहून निराळें कांहीं आहे, मूल तें पाहतें, विचारतें, आणि उत्तर देणारें माणूस शेजारीं बसलेलें आहे. आमचें आजचें सारें म्हणणें एवढ्यांतच आहे. जें अन्न मुलाकडून प्रश्न करवितें, आणि ज्याचें उत्तर घरांत कोणास तरी ठाऊक असतें, तें साधी पेज असलें तरी सणाचें अन्न होय.

पेज हा शब्द आम्हीं मुद्दाम योजिला. आमच्या लहानपणीं गुड फ्रायडेची दुपारची उपासना आटोपून घरीं आलों, कीं आई पेज वाढीत असे. सोबत मीठ आणि कैरीची एक फोड. बाबांस एरव्हीं मासळीवांचून घास उतरत नसे. चर्चचा नियम त्या दिवशीं मांस वर्ज्य करितो, मासळी करीत नाहीं, हेंही त्यांस पक्कें ठाऊक होतें. तरी ते मुकाट्यानें वाटी तोंडाला लावीत. एके वर्षीं आम्हीं विचारिलें, "आई, आज पेजच कां?" आई म्हणाली, "ज्या घरी मयत झालंय, तिथं चूल पेटते का रे? शेजारचं कुणी देतं तेच खायचं असतं." आणि खरोखरच ती पेज आमच्या घरची नसे. ती शेजारच्या घरून आलेली असे, आणि आमची पेज त्यांच्याकडे गेलेली असे. चुली दोन्ही घरीं पेटल्या होत्या, हें आम्हीं पुढें मोठेपणीं ताडिलें. परंतु तोंवर उपयोग होऊन गेला होता. सेमिनरींत प्रभूच्या दुःखसहनावर जीं व्याख्यानें ऐकिलीं तीं पुष्कळशीं विसरलों. ती वाटी विसरलों नाहीं.

उलट पक्षीं, ईस्टरच्या अंड्याचें काय झालें तें पाहा. युरोपांत पूर्वीं उपवासकाळांत मांसाबरोबर अंडीं, दूध, लोणी हींही वर्ज्य असत. म्हणून इंग्लंडांत भस्म बुधवारच्या आदल्या मंगळवारीं घरांतील अंडीं व लोणी संपविण्यासाठीं धिरड्यांसारखे पॅनकेक करीत. कोंबड्या कांहीं उपवास पाळीत नाहींत. चाळीस दिवस अंडीं सांठत, आणि पुनरुत्थानाच्या सकाळीं तीं रंगवून मुलांस देत. आज तें अंडें चॉकलेटचें होऊन, चकचकीत कागदांत गुंडाळून आपल्या मुलांच्या हातीं येतें. मागें कांहीं सोडलेलेंच नाहीं, तर पुढें आलेल्याचा आनंद मुलास कसा कळावा? आम्ही चॉकलेटचे शत्रु नाहीं. आम्हांस साखरेचा आजार आहे, म्हणून आम्हीं असें म्हटलें, असाही ग्रह कोणी करून घेऊं नये.

एप्रिल-मे महिन्यांत बाटली मसाला होतो. तो सण नव्हे, तरी त्यास आम्ही सणच समजतों. मिरच्या, धने, हळद आणि गरम मसाल्याचे जिन्नस उन्हांत वाळवून, भाजून, कुटून पावसाळ्यापूर्वीं गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरावयाचे. बाटल्या बहुधा बियरच्या असतात, त्याबद्दल आम्ही कांहीं बोलत नाहीं. गडद कांचेमुळें प्रकाश आंत जात नाहीं, एवढा लाभ खरा. कोणाच्या घरीं कोणता जिन्नस किती, हें सासूकडून सुनेस कळे, आणि तेंही ती सून घरांत पुरती रुळल्यावर.

आगेराविषयीं बोलतांना मात्र मन जड होतें. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळांत आणाव्या, त्यांवर आशीर्वाद मागावा, आणि नव्या तांदळाचा घास घरीं सर्वांनीं मिळून घ्यावा, ही आपली रीत. गोव्यांत कित्येक गांवीं हीच कणसें ऑगस्टांत आशीर्वादित होतात. मंगळूरकडे आठ सप्टेंबरास, पवित्र मरियेच्या जन्मदिनीं. तेथें कणसाचे दाणे सोलून, वाटून, दुधांत कालवून घरांतील प्रत्येकास देतात, आणि त्या दिवशीं जेवण शाकाहारी असतें. आपल्या धर्मग्रामांत गेल्या वर्षीं लोंब्या दुसऱ्या तालुक्यांतून विकत आणाव्या लागल्या. ज्या शेतांतून त्या पूर्वीं येत, तेथें आतां इमारती उभ्या आहेत. त्यांत आपणांपैकींच अनेकांचीं बिऱ्हाडें आहेत. एका लहान मुलीनें आम्हांस विचारिलें, "फादर, हें गवत कशाला?" प्रश्न तर आला. उत्तर देणारी तिची आजी गांवीं होती. आम्हीं दिलें, जमेल तसें. यापुढें ज्यांच्या गच्चीवर वा अंगणांत जागा आहे, त्यांनीं दोन कुंड्यांत तरी भात पेरावें, असें आम्हीं सुचविलें आहे. कांहीं लोक हंसले. चार घरांनीं पेरलें.

आतां नाताळाविषयीं. येथें आम्हांस आमचा स्वतःचा एक दोष सांगणें प्राप्त आहे.

दीक्षेनंतर दुसऱ्याच वर्षीं आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामांत साहाय्यक होतों. आगमनकाळांतील एका रविवारीं आम्हीं मोठ्या आवेशानें प्रवचन केलें, कीं तळणांत आणि साखरेंत पैसा घालविण्यापेक्षां तो गरिबांस द्यावा. घरोघर ताटें फिरविणें ही केवळ देखाव्याची रीत होय. प्रवचन उत्तम झालें, असें आमचें आम्हांसच वाटलें. त्या गांवांत एक वृद्ध विधवा राहत असे. दर नाताळास ती नेवऱ्या व कलकल करी, आणि विणलेल्या रुमालानें ताट झांकून सात घरीं नेई. दोन घरें हिंदु शेजाऱ्यांचीं. दिवाळींत त्यांचा फराळ तिच्याकडे येई. सातवें घर तिच्या दिराचें. वाडीच्या बांधावरून त्या दोन घरांत कित्येक वर्षें बोलणें नव्हतें. कोर्टाची पायरीही चढून झाली होती. परंतु नाताळच्या सकाळीं ताट जाई, आणि रिकामें परत येत नसे. त्यांत पांच-सहा सुकेळीं असत. शब्द कोणीच काढीत नसे.

नाताळानंतर आम्ही घरें आशीर्वादित करावयास गेलों, तेव्हां ती म्हणाली, "फादर, यंदा काही केलं नाही हो. तुम्हीच सांगितलंत ना. पैसे पेटीत टाकले." मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "पण तिकडं जायला मला काही निमित्तच राहिलं नाही." आम्हीं घाईघाईनें सांगितलें, कीं पुढच्या वर्षीं अवश्य करा. त्या पावसाळ्यांत दीर वारला.

डिसेंबर येतांच आम्ही मैदा व साखर घेऊन तिच्या घरीं गेलों. तिनें आम्हांस एक कांटा दिला. नारळाच्या दुधांत मळलेल्या पिठाची लहान गोळी कांट्याच्या पाठीवर दाबून वळावयाची, म्हणजे तिजवर रेघा उठतात. आम्हीं वळलेले तुकडे तेलांत उलगडले, आणि ती पदर तोंडाशीं धरून हंसली. सात घरांचें ताट पुनः निघालें. सातव्या घरीं तिच्या जावेनें तें घेतलें. दिराच्या हातीं द्यावयाचें तें राहिलेंच. गरिबांस द्यावें, हें आम्ही आजही सांगतों. परंतु कोणाच्या ताटाविरुद्ध वेदीवरून पुनः बोललों नाहीं.

दुकानांतून डबा आणणें हें पाप नव्हे. जी सून पहाटेच्या लोकलनें चर्चगेटास जाते आणि रात्रीं आठास परत येते, तिला चाळीस नेवऱ्या करावयास सांगणें हा निर्दयपणा होय. आमचें मागणें एकाच जिन्नसाचें आहे. तो घरांत व्हावा, आणि बापे व मुलगे यांनींही हात लावावा. कांटा धरावयास पुरुषाचे हात चालतात. आमचे चालले, म्हणजे बहुतेक चालले. दोन नोव्हेंबरास कबरीवर मेणबत्ती लावून परत आल्यावर, गेलेल्या माणसास जें आवडे तें एखादें कालवण करावें, आणि जेवतांना त्याचें नांव घ्यावें. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत, त्यांनीं त्याच दिवशीं तोच पदार्थ करण्याचें एकमेकांस कळवावें. आमची बहीण आखातांत असते. तेथें ती शेजारच्या मलयाळी बाईशीं गुड फ्रायडेस पेजेची अदलाबदल करिते. केरळांतही त्या दिवशीं पेज खातात, हें तिला तेथें जाऊन कळलें.

एक सूचना करून पुरें करितों. उद्यांपासून देवळाच्या मागील दारापाशीं टेबलावर एक मोठी वही ठेविली जाईल. प्रत्येक घरानें तींत एका सणाचा एक पदार्थ लिहावा: कोणत्या दिवशीं, कसा, आणि कोणाकडून शिकलों. ज्या आज्यांस लिहितां येत नाहीं, त्यांच्याकडे धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलें रविवारीं येतील. त्यांस थोडें सावकाश सांगावें. वहीला पेन दोरीनें बांधलेलें आहे. तें कृपा करून घरीं नेऊं नये.