बेकारी भत्ता : उशीर, मुदत आणि आपला हक्क
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात धम्मावर आणि बाबासाहेबांच्या चरित्रावर अभ्यासपूर्ण विवेचन झाले. आमच्या वाट्याला आलेला विषय मात्र रोजच्या व्यवहाराचा आहे. नोकरी गेल्यावर या देशात, म्हणजे अमेरिकेत, जो बेकारी भत्ता मिळतो, तो मिळविताना होणारा उशीर कसा सोसावा आणि मुदती कशा सांभाळाव्यात, एवढाच तो विषय. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे कॅलिफोर्नियात राहतात, म्हणून आम्ही मुख्यतः त्या राज्याचे नियम सांगू. प्रत्येक राज्याचा कायदा निराळा असल्याने इतरांनी आपापल्या राज्याचे नियम पाहून घ्यावेत.

२०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत संगणक क्षेत्रातील बड्या कंपन्यांनी हजारोंच्या संख्येने माणसे कमी केली. अशा वेळी आपल्या घरांत काय घडते? कर्ता पुरुष वा कर्ती स्त्री आठवडेच्या आठवडे कोणाला काही सांगत नाही. गावाकडे आईवडिलांना पूर्वीसारखेच पैसे जात राहतात. अर्ज करावा असे कोणी सुचविले तर उत्तर मिळते, "आपण कधी कोणापुढे हात पसरला नाही." या उत्तरामागची वेदना आम्ही जाणतो. शाळेत, कॉलेजात, कचेरीत 'सवलतीवाले' हा टोमणा ज्यांनी ऐकला, त्यांना या परक्या देशात पुन्हा कोणाचे उपकार घेतल्यासारखे वाटू नये, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु बेकारी भत्ता हा उपकारच नव्हे, आणि ही गोष्ट पटल्याशिवाय मुदतींविषयी बोलून उपयोग नाही.

हा भत्ता म्हणजे विमा आहे. विस्कॉन्सिन राज्याने १९३२ साली या देशातील पहिला बेकारी विमा कायदा केला आणि १४ ऑगस्ट १९३५ रोजी संमत झालेल्या सोशल सिक्युरिटी अ‍ॅक्टने ही व्यवस्था देशभर नेली. आपल्या वेतनाच्या हिशेबावर मालक राज्याला आणि केंद्राला कर भरतो. त्यातून हा निधी उभा राहतो. न्यू जर्सीसारख्या राज्यात कामगाराच्या पगारातूनही वाटा कापला जातो. म्हणजे आपण राबलो म्हणून हा हप्ता भरला गेला. आग लागल्यावर घराच्या विम्याचे पैसे मागताना कोणी लाजत नाही. मग येथेच लाज का वाटावी?

आणखी एक इतिहास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १९३५ च्या कायद्याने शेतमजूर आणि घरकामगार यांना या विम्याबाहेर ठेवले होते. दक्षिणेतील कृष्णवर्णीय श्रमिक मोठ्या संख्येने याच दोन कामांत होते. त्यांच्यापैकी पुष्कळांना हे संरक्षण मिळण्यासाठी १९७६ ची कायदादुरुस्ती व्हावी लागली. हक्क कागदावर येणे आणि तो तळच्या माणसापर्यंत पोहोचणे यांत केवढे अंतर असते, हे आपल्याला निराळे सांगावे लागत नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांना केंद्राच्या यादीत अनुसूचित जातीचा दर्जा मिळण्यास १९९० साल उजाडले. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. पुढे त्यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने सिद्ध केलेल्या भारतीय संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य व आजारपण यांत नागरिकास साहाय्य करण्याचे कर्तव्य राज्यसंस्थेवर सोपविलेले आहे. बेकाराला मदत म्हणजे भीक, असे मानण्याचा अधिकार आपल्याला तरी नाही.

आता मुदतींकडे वळू. उशीर दोन प्रकारचा असतो. एक आपण करतो, दुसरा कचेरी करते. पहिला सर्वस्वी आपल्या हातात आहे.

कॅलिफोर्नियात अर्ज ज्या आठवड्यात कराल त्या आठवड्याच्या रविवारपासून तो सुरू झाल्याचे धरले जाते. नोकरी सुटल्याच्या दिवसापासून नव्हे. मागील तारखेपासून अर्ज धरावा अशी विनंती करता येते, पण त्यासाठी सबळ कारण द्यावे लागते, आणि 'लाज वाटली' हे कारण तेथे चालत नाही. या राज्यात आठवड्याचा कमाल भत्ता ४५० डॉलर. एखाद्याने पाच आठवडे विचार करण्यात घालविले आणि त्यानंतर दोन महिन्यांत त्याला नवी नोकरी लागली, तर ते पाच आठवडे कायमचे गेले. पात्रतेच्या पहिल्या आठवड्याचे पैसे मिळत नाहीत, तो प्रतीक्षेचा आठवडा असतो. तेव्हा तोही लवकर सुरू झालेला बरा. कंपनीने सेव्हरन्स पे दिला असेल तर तो संपेपर्यंत थांबावे, असा समज सर्वत्र आढळतो. कॅलिफोर्नियात असे पैसे सामान्यतः भत्त्याच्या आड येत नाहीत. अन्य राज्यांत नियम वेगळा असू शकतो, पण तेथेही अर्ज करून विचारावे, न विचारता थांबू नये.

अर्ज केल्यावर पहिली अडचण येते ती आपल्या नावाची. स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव ही आपली पद्धत येथील कागदांत बसत नाही. पासपोर्टवर एक, सोशल सिक्युरिटी कार्डावर दुसरे, पगारपत्रकावर तिसरे, असे होते. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींची आणि आडनाव बदलून घेतलेल्या कुटुंबांची अडचण अधिक. ओळख पटविण्याच्या टप्प्यावर अर्ज अडकून पडतो आणि घरात मात्र "सरकार पैसे देत नाही" अशी बोलणी होतात. यासाठी नोकरी चालू असतानाच सर्व कागदांवरील नावे एकमेकांशी ताडून पाहावीत आणि सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत जे नाव असेल तेच अर्जात अक्षरशः लिहावे.

त्यानंतर दर दोन आठवड्यांनी आपण बेकार आहोत, काम करण्यास समर्थ व तयार आहोत आणि काम शोधत आहोत, असे लिहून द्यावे लागते. याला सर्टिफिकेशन म्हणतात. पैसे आलेले नाहीत, अर्ज तपासात आहे किंवा नाकारला गेला आहे, म्हणून हे लिहून देणे थांबवू नये. सर्वांत अधिक नुकसान येथेच होते. महिन्यांनंतर निकाल आपल्या बाजूने लागला, तरी ज्या आठवड्यांचे सर्टिफिकेशन नाही त्यांचे पैसे मिळणे कठीण. या काळात थोडेफार काम केले असेल तर ते ज्या आठवड्यात केले त्याच आठवड्याच्या मिळकतीत दाखवावे, पगार हाती येण्याची वाट पाहू नये. हेतुपुरस्सर खोटी माहिती दिल्यास घेतलेली रक्कम तर परत करावी लागतेच, वर ३० टक्के दंडही बसतो. आपला हक्क आपण मागतो, म्हणूनच हिशेबही चोख द्यावयाचा.

नोकरी का सुटली याविषयी शंका असल्यास कचेरी दूरध्वनीवरून मुलाखत ठेवते आणि तिचा दिवस व वेळ आधी कळविते. अनोळखी क्रमांक म्हणून फोन उचलला नाही, तर जी माहिती समोर असेल तिच्यावर निर्णय होतो. मुलाखतीत शब्द जपून वापरावेत. "राजीनामा द्या, नाहीतर काढून टाकू" असे मालकाने सांगितले असेल, तर नुसते "मी राजीनामा दिला" असे म्हणू नये. घडले ते जसेच्या तसे सांगावे. कामात कमी पडणे आणि गैरवर्तन करणे या कायद्याच्या दृष्टीने दोन भिन्न गोष्टी आहेत. गैरवर्तन झाले असे मालकाचे म्हणणे असेल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते.

आणि अर्ज नाकारला गेला तर? तर अपील. कॅलिफोर्नियात अपिलाची मुदत ३० दिवस आहे, टेक्सासमध्ये ती अवघी १४ दिवस. हे दिवस पत्र आपल्या हाती पडल्यापासून मोजले जात नाहीत, ते टपालात टाकल्याच्या तारखेपासून मोजले जातात. म्हणून पेटी रोज उघडावी, पाकीट फेकू नये, घर बदलले तर पत्ता त्याच दिवशी कळवावा. अपील लिहिण्यासाठी कायद्याचे पांडित्य लागत नाही. "हा निर्णय मला मान्य नाही" असे लिहून थोडक्यात कारण दिले तरी ते दाखल होते. पुरावे सुनावणीच्या वेळी देता येतात. सुनावणी न्यायाधीशापुढे होते, मागणी केल्यास दुभाषा विनामूल्य मिळतो आणि कचेरीने आपल्याविषयी ठेवलेले कागद आधी पाहता येतात. उशीर झालाच असेल तरी कारण लिहून अपील करावे. सबळ कारण असल्यास ते स्वीकारले जाते.

आता कचेरीकडून होणारा उशीर. २०२० च्या महामारीत लाखो अर्ज तुंबले आणि कित्येक घरांनी महिनोन्‌महिने वाट पाहिली, हे आपल्या स्मरणात आहे. पण मुदती केवळ अर्जदाराला असतात असे नाही. सरकारलाही त्या आहेत. केंद्राच्या नियमानुसार प्रतीक्षेचा आठवडा असलेल्या राज्यांनी पहिल्या हप्त्यांपैकी ८७ टक्के हप्ते, देय असलेला पहिला आठवडा संपल्यापासून १४ दिवसांत द्यावेत. असा आठवडा नसलेल्या राज्यांना २१ दिवसांची सवड आहे. पहिल्या पातळीवरील अपिलांपैकी ६० टक्क्यांचा निकाल ३० दिवसांत आणि ८० टक्क्यांचा ४५ दिवसांत लागावा, असाही दंडक आहे. १९७१ साली 'कॅलिफोर्निया डिपार्टमेंट ऑफ ह्यूमन रिसोर्सेस डेव्हलपमेंट विरुद्ध जावा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की पात्र ठरलेल्या कामगाराचा भत्ता केवळ मालकाने अपील केले म्हणून रोखून धरता येणार नाही. बेकार माणसाला पैसा वेळेवर मिळावा, हाच या कायद्याचा हेतू असल्याचे न्यायालयाने मानले. उशिरा मिळालेला भत्ता घरभाड्याच्या कामी येत नाही, हे साधे सत्य त्या निर्णयामागे आहे.

म्हणून कचेरीत उशीर झाल्यास स्वस्थ बसू नये आणि संतापही करू नये. एक वही करावी. कोणत्या तारखेस फोन केला, कोण बोलले, काय सांगितले, हे तीत लिहावे. लेखी विचारणा करावी आणि तिची प्रत ठेवावी. तरीही दाद मिळाली नाही, तर आपल्या भागातील राज्य विधिमंडळाच्या सदस्याच्या कार्यालयास लिहावे. अडकलेल्या अर्जांची चौकशी करणे हे त्या कार्यालयांचे नेहमीचे काम आहे. गरजूंना विनामूल्य कायदेशीर साहाय्य देणाऱ्या संस्थाही बहुतेक शहरांत आहेत. घरमालक, बँक, वीज कंपनी यांना देय तारीख उलटण्यापूर्वी कळवावे. आधी कळविणाऱ्यास सवलत मिळण्याचा संभव अधिक असतो.

एच-१बी व्हिसावरील तरुण बंधुभगिनींसाठी दोन शब्द. नोकरी सुटल्यावर त्यांना या देशात राहण्यास जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात आणि आय-९४ ची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. त्यांना कोणत्याही मालकाकडे काम स्वीकारण्याची मोकळीक नसल्याने भत्ता मिळण्यात बहुधा अडचण येते. तेव्हा त्यांनी भत्त्याच्या भरवशावर राहू नये. पहिल्याच आठवड्यात जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा. पती किंवा पत्नीजवळ स्वतःचा काम करण्याचा परवाना असेल आणि तिची वा त्याची नोकरी गेली असेल, तर तो अर्ज स्वतंत्रपणे करता येतो. कंपनीचा आरोग्य विमा कोब्रा कायद्याखाली पुढे चालू ठेवावयाचा की नाही, हे ठरविण्यासही ६० दिवसच असतात, हे सर्वांनीच लक्षात घ्यावे.

बंधुभगिनींनो, आपल्या वडीलधाऱ्यांना हे काही नवे नव्हते. त्यांच्या पिढीने सेवायोजन कार्यालयात नाव नोंदविले, ते पिवळे पडलेले कार्ड पेटीत जपून ठेवले आणि नूतनीकरणाची तारीख कधी चुकविली नाही, कारण ती चुकली तर नोंदणीची ज्येष्ठता जात असे. जातीच्या दाखल्यासाठी, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या त्यांनी झिजविल्या. तारीख सांभाळणे म्हणजे हक्क सांभाळणे, ही शिकवण त्यांनी आपल्याला न बोलता दिली. त्या शिकवणीच्या बळावर येथवर आलेल्या आपण ती येथे विसरावी, हे शोभणारे नाही.

या मंडळालाही आमची एक विनंती आहे. हे नियम नीट माहीत असलेल्या दोनतीन सभासदांची नावे ठरवावीत, म्हणजे नोकरी गेलेल्या माणसाने पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे जावे. तेथे अर्ज भरून द्यावा, मुलाखतीची तयारी करून घ्यावी, अपिलाचा मसुदा वाचून पाहावा, आणि ऐकलेले घराबाहेर जाऊ देऊ नये. यासाठी पैसा फारसा लागत नाही. वेळ आणि विश्वास मात्र लागतो. ज्यांच्यावर हा प्रसंग आला आहे, त्यांनीही मौन सोडावे. भगवान बुद्धांनी अप्रमादाला, म्हणजे सावधपणे वागण्याला, मोठे स्थान दिले. संकटकाळी आपली तारीख आपण चुकवू नये आणि शेजाऱ्याची चुकू देऊ नये, हाही अप्रमादच होय.



नमो बुद्धाय! जय भीम!