सहारला भरलेले तेल



१९९१ च्या जानेवारीत आखातात युद्ध पेटले. अमेरिकेची लष्करी विमाने तिकडे जाताना आपल्या मुंबईत, सहारला, तेल भरून घेत होती. हे आम्हाला सरकारने नाही, पेपरवाल्यांनी सांगितले. आम्ही तेव्हा गिरणीत नवे. विठ्ठलवाडीहून निघालेल्या लोकलमध्ये रोज हाच वाद. एक म्हणे, सद्दामने कुवेत गिळले, १९९० साली आपली लाखावर माणसे विमानाने परत आणावी लागली, त्याचा पुळका कशाला? दुसरा म्हणे, बाँब तर बगदादच्या गरिबांवर पडतात, त्यात आपला हात का? आम्हाला दोघांचेही पटायचे.

चंद्रशेखर सरकारकडे परकीय चलन उरले नव्हते; नाणेनिधीचे कर्ज त्याच महिन्यात मिळाले. १९८२ च्या संपात आमच्या घरीही वाण्याची उधारी होती, त्याच्यासमोर वडिलांची मान वर होत नसे. म्हणून सरकारची अडचण आम्हाला कळते. पण आमची आई निदान घरात सांगून उधार आणायची!

ओरड झाली. सरकार राजीव गांधींच्या काँग्रेसच्या टेकूवर उभे, तिनेही डोळे वटारले, तेव्हा कुठे फेब्रुवारीत तेल बंद झाले. त्याच महिनाअखेरीस युद्धही थांबले.