खिडकीवरची भेग : आधी कारण शोधा, मग बुजवा

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त सभामंडपात ग्रामस्थांसमोर दिलेले व्याख्यान)



देवळाचे काम आपण तन-मन-धनाने तडीस नेले, याबद्दल प्रथम सर्वांचे अभिनंदन. हे काम चालू असताना आपण पाहिले असेल, की गवंड्यांनी आधी जुना गिलावा उतरवला, भिंत उघडी केली, दोष पाहिला आणि मगच थापी हातात घेतली. स्वतःच्या घरी मात्र आपण उलटे करतो. दिवाळी आली की खिडकीवरच्या भेगेत सिमेंट भरतो, वरून रंग देतो, आणि शिमग्यापर्यंत भेग पुन्हा डोळे वटारते. आज त्या भेगेविषयीच चार शब्द सांगणार आहे.

खिडकी म्हणजे भिंतीतील मोकळी जागा. तिच्यावरचा भार लाकडाने, दगडाने किंवा सिमेंटच्या लिंटेलने पेलून दोन्ही बाजूंच्या भिंतीवर द्यायचा असतो. ही व्यवस्था बिघडली की भिंत फाटते, आणि कोठे बिघडले हे भेगेच्या दिशेवरून बहुधा समजते.

खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांतून भेगा पायऱ्यापायऱ्यांनी वर चढून त्रिकोणासारख्या जवळ येत असतील, तर लिंटेल वाकला आहे किंवा त्याचे टेकण अपुरे आहे असे समजावे. जुन्या घरांत तेथे सागाचे लाकूड असते. भिंतीतले त्याचे टोक ओलीने कुजते किंवा वाळवी खाते. बाहेरून ते धडधाकट दिसते, पण पेचकस टोचला की आत जातो.

भेग लिंटेलच्या लांबीने आडवी असेल आणि तांबूस डाग दिसत असतील, तर आतील सळई गंजली आहे. गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. स्लॅबच्या लगत खाली आडवी भेग असेल, तर बहुधा उन्हाने स्लॅब प्रसरण पावतो, त्याचा तो परिणाम. केसासारखे बारीक जाळे असेल, तर तो बहुतेक वेळा नुसत्या गिलाव्याचा दोष असतो, घाबरू नये.

एकाच कोपऱ्यातून तिरकी निघून दूर जाणारी भेग मात्र पायाकडे बोट दाखवते. निफाडपासून येवल्यापर्यंत आपल्या जिल्ह्यात काळी माती भरपूर आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वैशाखात रुंद होणारी आणि श्रावणात मिटणारी भेग या मातीची असते. त्यात मोरीचे पाणी भिंतीलगत सोडलेले असले, तर पाया एका बाजूने फुगतो, दुसऱ्या बाजूने खचतो.

भेग जिवंत आहे की थांबली आहे, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. गिलावा काढून विटांवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टरने घट्ट चिकटवावी. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. एक उन्हाळा व एक पावसाळा पाहावा. पण विटा सैल झाल्या असतील, भिंत ओळंब्यातून सुटली असेल किंवा भेगेत रुपयाचे नाणे सहज जात असेल, तर वाट पाहू नये. त्या खिडकीखाली अंथरूण घालू नये आणि जाणकार अभियंत्याला बोलवावे.

आता दुरुस्ती. मोरीचे व पागोळ्यांचे पाणी आधी भिंतीपासून दूर काढावे. भिंतीकडेने तीन फूट रुंद, बाहेर उतार असलेली फरसबंदी करावी. लिंटेल बदलायचा असल्यास वरच्या भिंतीला व छताला टेकू दिल्याशिवाय एकही वीट काढू नये. नवा लिंटेल दोन्ही बाजूंना निदान सहा इंच, शक्य तर नऊ इंच, भिंतीवर टेकलेला असावा. काँक्रीटला किमान दहा दिवस पाणी मारावे आणि टेकू दोन आठवडे काढू नयेत. फुटलेल्या विटा काढून नव्या, भिजवलेल्या विटा जुन्या कामात गुंतवून बसवाव्यात. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीत दर्जा चुन्यानेच भराव्यात. तेथे कडक सिमेंट भरले, तर मऊ वीट कडेने फुटते.

हा सारा खटाटोप कशासाठी? ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीला भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचे जड धाबे झोपेतल्या माणसांवर कोसळले. हजारो जीव गेले. भिंती एकत्र बांधणारा लिंटेलच्या पातळीवरचा सलग पट्टा का हवा, हे त्या आपत्तीनंतर महाराष्ट्राला नव्याने उमगले. भूकंप तर दूरच, नाशिक शहरातले जुने वाडे नुसत्या पावसाने पडतात. पडण्याआधी अनेक भिंती इशारा देतात. तो इशारा रंगाखाली दडपू नये.

ज्यांच्या घरी ही कामे करण्याची ऐपत नाही, अशी कुटुंबे आपल्या गावातही आहेत. देवळाच्या कामावरून उरलेल्या विटा, वाळू, टेकूचे वासे विश्वस्तांनी त्यांना द्यावेत आणि तरुणांनी दोन दिवस श्रमदान करावे, अशी माझी नम्र विनंती आहे.