डाग कशाचा?



मानोरा-मालेगावकडचा शेतमजूर महिनोन्‌महिने खोकत राहतो. वजन उतरतं, बेडक्यात रक्त दिसतं, तेव्हा कुठे छातीचा फोटो निघतो. वरच्या बाजूला डाग असतो आणि आपण टीबीचा कोर्स सुरू करतो. बहुतेक वेळा आपण बरोबर असतो. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतातच आहेत. पण त्या ‘बहुतेक’ची सवय फार वाईट. खोकला, रक्त, बारीक ताप, खंगणं ही सगळी लक्षणं फुप्फुसाच्या कॅन्सरचीही आहेत, आणि डागावर नाव लिहिलेलं नसतं.

हा घोळ जुना आहे. फ्रान्सच्या बेल यांनी 1810 मध्ये क्षयाचे प्रकार सांगताना ‘कर्करोगी क्षय’ असा एक प्रकारच मांडला होता. पुढे व्हिएन्नाचे रोकिटान्स्की म्हणाले, हे दोन आजार एकत्र नांदत नाहीत. रोकिटान्स्की चुकले. क्षय बरा झाला तरी फुप्फुसात व्रण उरतो. वर्षानुवर्षांची सूज आणि पेशींची सततची डागडुजी यांत जनुकीय बिघाड साचत जातात. 2009 च्या एका एकत्रित विश्लेषणात क्षय होऊन गेलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका सुमारे पावणेदोन पट आढळला, आणि तो कधीच धूम्रपान न केलेल्यांतही. म्हणजे बिडी ओढत नाही म्हणून चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बाईला आपण निर्धास्त सोडू नये. मात्र गावात जाऊन ‘टीबीतून कॅन्सर होतो’ असं कोणी सांगू नका. क्षय झालेल्या बहुतेकांना कॅन्सर कधीच होत नाही, आणि त्या भीतीनं लोक थुंकी तपासायलाही यायचे नाहीत.

माझा आक्षेप आपल्या घाईवर आहे. ट्रूनॅट हे गोव्यात तयार होणारं यंत्र तास-दोन तासांत जंतू सांगतं, रिफॅम्पिसिन हे क्षयाचं औषध लागू पडेल की नाही तेही सांगतं. तरी जंतू न सापडताच, फोटोवरून कोर्स सुरू होतो. कधी तसं करावं लागतं, मान्य. पण मग दोन महिन्यांनी, चारवरून तीन औषधांवर येताना, पुन्हा फोटो काढून जुन्याशेजारी धरा. डाग तसाच असेल किंवा वाढला असेल, तर ‘कोर्स पूर्ण करा’ हे उत्तर नव्हे. औषधाला दाद न देणारा क्षयही असू शकतो, म्हणून थुंकी पुन्हा पाठवा. सोबत सीटी आणि बायोप्सीसाठी अकोल्याला किंवा नागपूरला चिठ्ठी द्या. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, असं घरचे म्हणतीलच. त्यांच्याशी बोलायला वेळ काढावा लागेल. सहा महिने चुकीच्या गोळ्या देण्यापेक्षा तो नक्कीच कमी असेल.

जिथे दोन्ही आजार एकदम सापडतात, तिथे कॅन्सरच्या डॉक्टरांना क्षयाच्या गोळ्यांची पूर्ण यादी कळवा. रिफॅम्पिसिनमुळे यकृत काही औषधं झपाट्यानं निकामी करतं. फुप्फुसाच्या कॅन्सरवरची जेफिटिनिब आणि एर्लोटिनिब त्यांतलीच. उलट, किमोथेरपीनं प्रतिकारशक्ती खालावली की दबलेला क्षय डोकं वर काढतो.

माझी सूचना छोटी आहे. रुग्णाच्या उपचारपत्रिकेवर निदान कशावरून केलं ते लिहा: जंतू सापडला, की नुसता फोटो. ‘नुसता फोटो’ असेल, तर दोन महिन्यांनंतरच्या तपासणीची तारीख त्याच दिवशी टाका आणि आशाताईंच्या वहीतही ती लिहून द्या.