माठ, कवेलू आणि हरित इमारतीची मापे
(कुंभार समाजाच्या वार्षिक मेळाव्यात वर्धा येथे दिलेले भाषण)



आपल्या नियोजित विद्यार्थी-वसतिगृहाचा नकाशा सध्या कार्यकारी मंडळापुढे आहे, आणि त्याविषयी आपल्यात जी चर्चा चालली आहे तिच्या अनुषंगाने चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. मुंबईस स्थायिक झालेल्या आपल्या बंधूंनी मोठ्या आस्थेने असे सुचविले, की इमारत ‘हरित’ मानांकनाची असावी. आणि नमुन्यादाखल आपण राहतो त्या संकुलाचे नकाशेही त्यांनी पाठविले. येथील काही मंडळींचे म्हणणे असे, की हा श्रीमंतांचा छंद आहे. चार खांब उभारावे, वर स्लॅब घालावी आणि मोकळे व्हावे. दोन्ही मतांविषयी मला आदर आहे, परंतु मान्य मात्र एकही नाही. ते का, हे सांगण्यासाठी आपल्या सर्वांच्या घरातील एका वस्तूपासून आरंभ करतो. ती वस्तू म्हणजे माठ.

वैशाखात वर्ध्याच्या बाजारात घेतलेला माठ कोणी मुंबईस नेला, तर त्यातील पाणी येथल्याइतके गार होत नाही, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आहे. यात दोष मातीचा नाही आणि कुंभाराचा तर नाहीच नाही. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी कोरड्या हवेत भराभर उडते, आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. समुद्राकाठची हवा आधीच ओलाव्याने जड झालेली. तिला आणखी पाणी सामावून घेण्यास फारशी जागा उरलेली नसते. आपल्याकडे घरोघर गुणकारी ठरणारा कूलर मुंबईत कोणी लावीत नाही, त्याचेही कारण हेच होय.

जे माठाचे तेच घराचे. नागपुरास मे महिन्यात दिवसाचे सरासरी कमाल तापमान 42 ते 43 अंश आणि पहाटेचे किमान 28 अंशांच्या आसपास असते; म्हणजे दिवस आणि रात्र यांत 14-15 अंशांचा फरक. मुंबईस तेच आकडे सुमारे 33 आणि 27 असे आहेत. आपल्याकडची जाड मातीची भिंत दिवसभर उष्णता पोटात घेते आणि रात्री खिडक्या उघडल्या की ती बाहेर टाकून पुन्हा रिकामी होते. मुंबईची रात्र पाच-सहा अंशांनीच उतरत असल्यामुळे तेथे ती भिंत पुरती रिकामी होतच नाही. तेथील माणसाला सुख मिळते ते अंगावरचा घाम वाळविणाऱ्या वाऱ्याने. म्हणून समुद्राकाठी समोरासमोर मोठ्या खिडक्या, खोल पडवी आणि आडव्या पावसाला अडविणारे पुढे आलेले छप्पर हवे. लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरम येथे विटांच्या जाळीदार भिंती बांधल्या. त्या पाहून कोणाचेही मन प्रसन्न व्हावे. परंतु तीच जाळी वर्ध्यास पश्चिमेच्या भिंतीत बसवा, आणि वैशाखातल्या दुपारी तीन वाजता त्या खोलीत बसून दाखवा!

आता प्रश्न असा, की सरकारी मापांत हा भेद आहे की नाही? तो आहे, आणि आपल्या मुंबईकर बंधूंनी नेमका तोच भाग वाचावा अशी माझी विनंती आहे. 2007 मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता निघाली तेव्हाच देशाचे हवामानानुसार पाच विभाग मानले गेले : उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, मिश्र, समशीतोष्ण आणि शीत. मुंबई उष्ण-दमट विभागात येते, आपल्याला जवळचे नागपूर मिश्र विभागात. पुढे 2018 मध्ये राहत्या इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध झाली. तीत घराच्या क्षेत्रफळाच्या मानाने उघडता येण्याजोग्या खिडक्या किमान किती असाव्यात, याचे प्रमाण विभागवार दिले आहे. उष्ण-दमट विभागात ते 16.66 टक्के, मिश्र विभागात 12.5, आणि उष्ण-कोरड्या विभागात 10 टक्के. शंभर चौरस फुटांच्या खोलीला मुंबईत सुमारे सतरा फूट उघडी खिडकी पाहिजे, आपल्याकडे साडेबारा फुटांनी भागते. मुंबईच्या नमुन्याबरहुकूम सतरा फूट काच आपण येथे लावली, तर झळा आत घेऊन वर विजेचे बिल भरावयाचे, एवढाच लाभ पदरी पडेल. किंबहुना, मुंबईच्या पुष्कळ नव्या इमारतींतही उंच काचा बसवून त्यांतील फारच थोड्या उघडतील अशी योजना असते. समुद्राचा वारा दाराशी असून तो आत येऊ द्यावयाचा नाही, ही तऱ्हा तेथील हवेलाही मानवणारी नाही. पण तो विचार त्या बंधूंनी आपल्या संकुलाच्या सभेत मांडावा.

छताची गोष्ट याहून महत्त्वाची. आपल्या उन्हाळ्यात घर तापते ते मुख्यतः डोक्यावरून. छतातून उष्णता किती वेगाने झिरपते याचा एक आकडा काढतात, तो 1.2 च्या वर जाऊ नये असे संहिता सांगते. साध्या सहा इंची स्लॅबचा आकडा तीनच्या पुढे जातो. म्हणजे ‘चार खांब आणि स्लॅब’ म्हणणाऱ्या आपल्या येथील मंडळींना उत्तर याच आकड्यात आहे : त्या स्लॅबखाली वार्षिक परीक्षेच्या दिवसांत मुलांनी अभ्यास करावयाचा आहे.

येथे आपल्या समाजाचा संबंध येतो. संहिता आकडा मागते. तो सिमेंटने गाठावा की मातीने, हे ती सांगत नाही. स्लॅबवर लहान मडकी उलटी, एकमेकांस खेटून मांडावी आणि त्यांवर चुना-विटांचा कोबा करून चुन्याची सफेदी द्यावी, ही रीत आपल्या देशात परिचित आहे. मडक्यात कोंडलेली हवा उष्णतेला अडविते. दुसरी रीत स्लॅबच्या पोटात कवेलू बसविण्याची. स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट भार पेलण्याचे काम जवळजवळ करीत नाही. तेथे लोखंडी सळ्यांच्या मधल्या जागेत कवेलू घातले तर काँक्रीट वाचते आणि छताचे वजनही उतरते. बेकर यांनी ही रीत केरळात पुष्कळ वापरली. समुद्राकाठी जन्मलेल्या जाळीला मी नाही म्हटले आणि तेथल्याच कवेलू-स्लॅबला हो म्हणतो, यात विसंगती नाही. जाळी वाऱ्यासाठी आहे. कवेलू भार वाचविण्यासाठी आहे, आणि भार दोन्ही ठिकाणी सारखाच.

आणि हे शिकण्यास केरळापर्यंत तरी कशाला जावे? 1936 मध्ये गांधीजी शेगावास राहावयास गेले, त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. तेथील आदि निवास आणि बापू कुटी आपण शाळेच्या सहलीत पाहिल्या आहेत : मातीच्या भिंती, बांबू, आणि वर आपले कवेलू. त्याआधी 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम चालविले. 1976 मध्ये देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यास ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ ही संस्था काढली. तिने चाकावर घडविलेल्या, एका तोंडाला निमुळत्या अशा मातीच्या नळ्यांच्या छताचा पुरस्कार केला. एका नळीचे निमुळते तोंड दुसरीत बसवीत कमान धरावयाची, आणि कमानीशेजारी कमान धरीत छत पुरे करावयाचे. लाकूड नाही, लोखंड नाही. आपल्या चाकाला छताचा मान देणारी अशी युक्ती आपल्याच जिल्ह्यात असता ती आपल्यातल्या किती तरुणांना ठाऊक आहे?

तथापि जुन्या कवेलूंचे गोडवे गाऊन भागणार नाही. लोकांनी कवेलू सोडले ते काही वेड लागले म्हणून नव्हे. वानरांचा कळप एका सकाळी घरावरून गेला की अर्धे छप्पर फुटते. दर वर्षी मृगापूर्वी कवेलू फेरावे लागतात, आणि फेरणारा माणूस मिळत नाही. खालचे लाकूड महागले. या अडचणी खऱ्या आहेत. म्हणूनच मी उघड्या कवेलूंचा आग्रह न धरता स्लॅबच्या पोटातल्या कवेलूंविषयी आणि मडक्यांविषयी बोलत आहे.

विटांविषयी थोडे सांगितलेच पाहिजे, कारण भट्ट्यांवर आपली पुष्कळ कुटुंबे आहेत. 1999 च्या अधिसूचनेने औष्णिक वीजकेंद्रापासून 50 किलोमीटरच्या आत विटांच्या मातीत किमान 25 टक्के राख मिसळणे बंधनकारक केले. 2003 मध्ये ते अंतर 100 किलोमीटर झाले आणि वर्धा शहरही कोराडी-खापरखेड्याच्या वर्तुळात आले. 2016 मध्ये ते 300 झाले. आपल्यात याविषयी नाराजी झाली, आणि ती समजण्यासारखी आहे. वाहतूक कोणी सोसावयाची, हा प्रश्न रास्तच होता. परंतु काळ्या मातीची वीट वाळताना तडकते, आणि राख मिसळल्याने तो दोष कमी होतो, हेही तितकेच खरे. राख-सिमेंटच्या विटांशी स्पर्धा करावयाची तर ही गोष्ट आपण हाती धरिली पाहिजे.

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. थापटण्याचा आवाज ओळखणारे कान आपल्याकडे आहेत. आज प्रयोगशाळेच्या कागदावरचा आकडाही लागतो. आपल्या मडक्यांच्या थराचा आणि नळ्यांच्या छताचा तो आकडा हाती नसेल, तर वास्तुविशारद ते नकाशात लिहू शकत नाही, मग त्याची इच्छा कितीही असो.

म्हणून माझी कार्यकारी मंडळास सूचना अशी आहे. वसतिगृहाचा नकाशा मिश्र विभागाच्या मापांनी पुन्हा आखून घ्यावा. पश्चिमेस खोल्या न ठेवता जिना आणि भांडारगृह ठेवावे. पूर्वेच्या चार खोल्यांवर उलट्या मडक्यांचा थर, मधल्या चार खोल्यांवर साधी स्लॅब, आणि एका वाचनालयावर नळ्यांच्या कमानींचे छत करावे. पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येक ठिकाणी तापमापक टांगून दुपारी तीन आणि पहाटे पाच वाजताची नोंद विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावी, आणि ती पुढल्या वर्षीच्या स्मरणिकेत छापावी. मडकी कोणत्या गावच्या चाकांवरून घ्यावयाची याची यादी आजच सुरू करता येईल. चिटणिसांच्या मेजावर वही ठेविली आहे.