कामालाही शेजारती हवी

(सलमानिया येथील मासिक सत्संगात झालेल्या भाषणाचा मजकूर)



पस्तीस वर्षे मी रुग्णांना दिनचर्येचा उपदेश केला. २०२० साली करोना आला आणि तो उपदेश माझ्याच अंगाशी आला. सलमानियातल्या घरी बसून मी रुग्णांना फोनवर सल्ला देऊ लागलो. दाढी नाही, आंघोळ दुपारी, जेवतानाही कानाला फोन. एका संध्याकाळी तोंडात घास असताना मी एका आजोबांना दुसऱ्याच रुग्णाच्या गोळीचे प्रमाण सांगितले. आजोबांनी लिहून घेतलेले परत वाचून दाखवले, म्हणून चूक ध्यानात आली. त्या रात्री मला झोप लागली नाही. दवाखान्यात टेबल, केसपेपर, बाहेर थांबलेला पुढचा रुग्ण हे सगळे मला शिस्तीत ठेवत होते. घरी ती शिस्त मलाच उभी करायची होती.

पंढरपुरात विठोबाचा दिवस काकड्याने सुरू होतो. मग महापूजा, महानैवेद्य, पोशाख, धुपारती आणि शेवटी शेजारती. देवालाही उठण्या-निजण्याची वेळ आहे. आपण मात्र काकडा चुकवतो आणि शेजारती करतच नाही. रात्री अकराला अंथरुणात ईमेल वाचत पडतो.

वाग्भटांनी 'अष्टांगहृदया'त सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येलाच दिला. आधुनिक वैद्यकही तेच सांगते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचे घड्याळ आहे आणि सकाळच्या उजेडाने ते रोज नीट लागते. पेशींमध्ये हे घड्याळ कसे चालते, या संशोधनाला २०१७ चे नोबेल मिळाले.

आता करायचे काय? उठण्याची वेळ एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही. ऊन चढण्याआधी पंधरा मिनिटे बाहेर चाला. आंघोळ करून, कपडे बदलून मगच कामाला बसा, पलंगावर नको. अवघड काम आधी घ्या आणि तेवढा वेळ मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. तासातून एकदा उठा. जेवताना फक्त जेवा. पुण्याच्या ऑफिसचे साडेनऊ म्हणजे आपले सात. शुक्रवारी इथे सुट्टी, तर तिथे कामाचा दिवस. म्हणून वेळापत्रक कागदावर लिहून फ्रिजवर लावा, म्हणजे घरच्यांनाही कळेल तुम्ही केव्हा मोकळे आहात.

आणि शेजारती विसरू नका. मी संध्याकाळी उद्याची पहिली तीन कामे वहीत लिहितो, वही मिटतो आणि देवापुढे दिवा लावतो. त्यानंतर काम नाही.

शेवटी एक विनंती. नोकरी सुटलेले आपले काही बांधव दिवसभर खोलीत पडून असतात. पगाराबरोबर त्यांचे वेळापत्रकही गेलेले असते, आणि रिकामा दिवस माणसाला आतून पोखरतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी शिधा निधीस यथाशक्ती हातभार लावावा. ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी अशा एका बांधवाला रोज सकाळी ठरलेल्या वेळी फोन करावा. "उठलात का? चहा झाला का?" एवढेच विचारा. कुणीतरी आपल्या उठण्याची वाट पाहते आहे, हे कळले की माणूस उठतो.