बागायत कुणाची, जिरायत कुणाची



मला विषय दिलाय : हवामान लहरी झालं, तेव्हा शेतकऱ्यानं पीक कसं बदललं. मी मॅट्रिक झालेला, न्हावाशेव्याच्या बंदरावर हमाली करणारा माणूस. कविता करतो, ते सोडा. पण इंदापूर तालुक्यातल्या जिरायत पट्ट्यातला आहे आणि आमच्या तीन पिढ्या दुसऱ्याच्या रानात वाकल्या. तेव्हा पिकावर बोलायचा हक्क सातबारावाल्याइतकाच मलाही आहे.

आधी पाऊस. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला भरवशाचा तेवढा सप्टेंबरातला. म्हणून इथल्या कष्टकऱ्यानं फार पूर्वी हिशेब बसवला. हलक्या मुरमाड रानात बाजरी, तिच्यात मटकी, हुलगा, तूर. काळ्या भारी रानात खरिपाला हात लावायचा नाही. पाऊस जमिनीत मुरवायचा आणि उत्तरा-हस्तावर शाळू पेरायचा. जुलै कोरडा गेला तर बाजरीचा नाद सोडून ऑगस्टात हुलगा टाकायचा. एक गेलं तर दुसरं हातात. कचेरीतले साहेब आता याला 'आपत्कालीन पीक नियोजन' म्हणतात. आमच्या आजीला तो शब्द ठाऊक नव्हता. तिला नक्षत्रं ठाऊक होती.

शाळू हे तर मोठं शहाणं पीक. पेरल्यावर वरून थेंब पडला नाही तरी जमिनीतल्या ओलीवर कणसाला येतं. पण ती ओल राखायला हात लागतात. तिसऱ्या आठवड्यात पहिली कोळपणी, पाचव्यात दुसरी, आठव्यात दातेरी कोळप्यानं तिसरी. भेगा बुजल्या की ओल उडत नाही. सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं, मोहोळला गावरान मालदांडीतून निवड करून एम ३५-१ हा वाण काढला, तो अजून पेरला जातो. चांगलं काम झालं. पण ती मूळ मालदांडी आकाशातून पडली नव्हती. खळ्यावर टपोरी कणसं बाजूला काढून, राख लावून बी जपणाऱ्या बाया कोण होत्या, हे कुठल्या अहवालात वाचायला मिळत नाही.

मग कालवा आला. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा खोदला, १८८५ साली पाणी सुटलं. पण शेतकरी पाणी घेईना! पाऊस बरा झाला तर शाळूला विकतचं पाणी कशाला? पाणी खपेना म्हणून सरकारनं उसाचे ब्लॉक पाडले. दुष्काळ हटवायला आणलेलं पाणी सगळ्यात तहानलेल्या पिकाच्या घशात. इथं पडतो त्याच्या चौपट-पाचपट पाणी उसाला लागतं. १९२० च्या दशकापर्यंत कालव्याखालची हजारो एकर जमीन पाणथळ आणि चोपण झाली. पुढं पाडेगावच्या केंद्रानं फुले २६५ हा ऊस दिला, तो खारवट रानातही तग धरतो. म्हणजे उसानं नासवलेल्या रानात पुन्हा ऊसच. यालाही हवामानाशी जुळवून घेणं म्हणायचं का?

कालव्याच्या वरच्या अंगाला मात्र बहात्तरचा दुष्काळ सरळ छातीवर बसला. लोकांनी खडी फोडली, अमेरिकेचा लाल मिलो खाल्ला, सुकडीवर पोरं जगवली. नाला बांध, पाझर तलाव झाले. पुढं १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला, आणखी तलाव झाले. पाटी कुणी उचलली? महार, मांग, रामोशी, धनगर. गरीब मराठाही त्याच रांगेत होता, ते नाकारत नाही. पण तलाव पाझरला कुठं? खालच्या विहिरीत. अन् विहीर कुणाची?

कुणी म्हणेल, तुम्हाला वतनाची जमीन होती की. होती! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात त्या वतनी गुलामीविरुद्ध बिल आणलं. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं, जमिनीचा तुकडा राहिला. तो भावकीत वाटत वाटत गुंठ्यावर आला. आता २०१६ ची 'मागेल त्याला शेततळं' योजना काढून बघा. नाव मागेल त्याला, अट किमान ०.६० हेक्टर जमिनीची. पाच गुंठेवाल्यानं मागायचं कुणाकडं?

ज्याच्याकडं जमीन होती त्यानं मात्र पीक बदललं, आणि हुशारीनं बदललं. इंदापूरच्या माळावर डाळिंब आलं. डाळिंबाचं पाणी तोडून ताण द्यायचा, मग बहर धरायचा; पावसात तेल्या रोग येतो म्हणून मृग सोडून हस्त बहर धरायचा. हवामानाशी केलेला हा डावच आहे. माळेगाव खुर्दला २००९ साली केंद्र सरकारची अजैविक ताण संशोधन संस्था निघाली, खडक फोडून माती केली, त्यावर ड्रॅगन फ्रूट लावून दाखवलं. निवडुंगाच्या जातीचं झाड, थोड्या पाण्यावर येतं. खांब, ठिबक, उन्हाळ्यात सावलीची जाळी, खर्च लाखांत. बंदरात माझ्यासमोरून डाळिंबाचे गार कंटेनर जहाजावर चढतात. आत माल गारव्यात, बाहेर आम्ही घामात. तो माल तोडणारी बाई आमच्याच वस्तीतली असते. दुष्काळात तिनं कुठलं पीक बदलायचं? ती गाव बदलते. मी तेच केलं.

आता नुसता दुष्काळही राहिला नाही. सप्टेंबर २०१९ ला कऱ्हेचा पूर बारामतीत शिरला, ऑक्टोबर २०२० ला इंदापूर बुडालं, आणि मे २०२५ मध्ये, ऐन उन्हाळ्यात, एवढा पाऊस झाला की नीरा डावा कालवाच पिंपळीजवळ फुटला. मदतीचे दर बघा, २०२२ चे केंद्राचे : हेक्टरी जिरायतीला ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५००. मिळू द्या, माझी तक्रार त्यावर नाही. पण पंधरा दिवस वाफसा नाही, रानात पाय ठेवता येत नाही, तेव्हा खुरपणीवालीचे पंधरा खाडे पडतात. त्याचा दर त्या कागदात नाही. वाट्यानं शेती करणाऱ्याचं बियाणं वाहून गेलं, तर पंचनामा मालकाच्या नावानं होतो, पैसेही त्याच्याच खात्यात. फोनवरच्या ई-पीक पाहणीत पिकाची नोंद होते, राबणाऱ्याची होत नाही.

म्हणून माझं म्हणणं दोनच गोष्टींचं. एक, पाऊस-दुष्काळाच्या मदतीत मजुराचा खाडा आणि वाटेकऱ्याचं बी धरलं पाहिजे, हा अर्ज तहसीलदाराला गावागावातून गेला पाहिजे. दुसरं, पाच-पाच, दहा-दहा गुंठेवाल्यांनी मिळून एक शेततळं मागायचं. अटीत बसत नाही म्हणाले तर तसं लेखी मागायचं, तोंडी नको.

मी वही आणलीय. कुणाकुणाच्या घरात वाट्याची शेती आहे, कुणाचे किती गुंठे आहेत, ते आता इथंच लिहून घेऊ. बाया आधी सांगतील.